आधी नंबर, मग नाव

आमच्या वॉर्डात दरवर्षी नवे इंटर्न रुजू होतात. पहिल्याच आठवड्यात त्यांच्यातला कुणीतरी मला कोपऱ्यात गाठून हळूच विचारतो, "सर, कौन्सिलचा पक्का नंबर यायचाय अजून. बाहेर दवाखान्यात बसलं तर चालतंय ना?" मी नांदेडला एम.डी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्याकडे बघून पोरांना असले प्रश्न का सुचतात कोण जाणे. मी सांगतो, बाबा रे, शेवटची परीक्षा पास झालास की राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडून तात्पुरती नोंदणी मिळते. ती फक्त इंटर्नशिपपुरती असते, कॉलेजच्या दवाखान्यात, वरच्या डॉक्टरच्या नजरेखाली. बारा महिने भरायचे, कॉलेजचा दाखला घ्यायचा, मग कौन्सिलकडे अर्ज करायचा, कागद तपासू द्यायचे, तेव्हा कुठे पक्की नोंदणी हातात पडते. तोवर तू डॉक्टर व्हायला निघालेला माणूस आहेस. पुढे एम.डी. झालास तर तीही कौन्सिलात वेगळी चढवायची, त्याआधी पाटीवर लिहायची नाही.

पोरं मान डोलावतात आणि विचारतात, हे सगळं तुम्हाला इतकं पाठ कसं? हे मला कौन्सिलनं शिकवलेलं नाही. लोह्याच्या एका पेंटरनं शिकवलं, आणि शिकवता शिकवता माझी गावभर अब्रू घालवली.

गुरुलिंगअप्पा लोह्याच्या बसस्टँडमागे बोर्ड रंगवतात. वय पासष्टच्या पुढे, अंगात बंडी, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि हातापायांवर, चष्म्याच्या काडीवर, अगदी कानाच्या पाळीवरसुद्धा ऑइलपेंटचे ठिपके. फ्लेक्स आले तसे तालुक्यातले बाकीचे पेंटर दुसऱ्या धंद्याला लागले. अप्पा टिकले. माळेगावच्या यात्रेत दुकान लावणाऱ्यांना त्यांचंच अक्षर लागतं, आणि आसपासच्या डॉक्टरांनाही.

माणूस कमालीचा संशयी. चहा आला की पेला उजेडाकडे धरून आत बघणार, मगच ओठाला लावणार. किराणा दुकानाचा बोर्ड रंगवायला गेले तर आधी स्वतःचा रंगाचा डबा दुकानदाराच्या काट्यावर ठेवून बघणार. एका पेपरात आलेली बातमी दुसऱ्या पेपरात वाचल्याशिवाय खरी धरणार नाहीत. दारात आलेल्या पोस्टमनला त्यांनी ओळखपत्र मागितलं होतं, ही गोष्ट लोह्यात अजून सांगतात. तो पोस्टमन त्यांचा चुलतभाऊ होता.

डॉक्टरांच्या बोर्डाबाबत तर त्यांची पक्की रीत होती. कौन्सिलचा मूळ दाखला हातात आल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. झेरॉक्स चालत नाही, मोबाइलमधला फोटो चालत नाही. दाखला आला की तो पाठपोट वाचायचा, मग पत्र्याला पांढरा हात मारून सगळ्यात आधी खालच्या ओळीत नोंदणीचा नंबर रंगवायचा. तो वाळला की मग वर डॉक्टरचं नाव. बाकीचे पेंटर नावापासून सुरुवात करतात, कारण गिऱ्हाइकाचा जीव त्यातच अडकलेला असतो. अप्पांच्या दुकानात मात्र दोन-दोन दिवस नुसता नंबर लिहिलेला पत्रा उभा असायचा, आणि येणारे-जाणारे हा कोण नवा डॉक्टर, यावर पैजा लावायचे.

आता माझ्या घरचं सांगतो. आमचं गाव लोह्यापासून चार किलोमीटरवर. माझे वडील किशनराव वडजे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, शेती करतात. सोयाबीन आणि हळद. मी लातूरला एम.बी.बी.एस. झालो, तात्पुरत्या नोंदणीचा दाखला आला, तेव्हा मी त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आबांनी नांदेडला जाऊन त्याची रंगीत प्रिंट काढली, सोनेरी काठाची फ्रेम करून घेतली आणि बैठकीत आजोबांच्या फोटोशेजारी टांगली. आल्यागेल्याला दाखवायचे, "पोराचा नंबर आला." दाखल्यावर प्रोव्हिजनल असं ठसठशीत छापलेलं होतं, खाली मुदतही होती. घरात इंग्रजी वाचता येणारी माझी बहीण पुनम होती, ती बी.एस्सी. झालेली. पण सोनेरी फ्रेममधली वस्तू कुणी वाचत नाही, तिला हात जोडतात.

सुट्टीला आलो तेव्हा मी ती फ्रेम पाहिली आणि गप्प बसलो. ते गप्प बसणं माझं होतं, हे आधीच कबूल करतो.

आबांनी गावाच्या फाट्यावर दोन खोल्या बांधल्या. एकीत मी बसायचं, दुसरीत पेशंट झोपवायचे. पाडव्याचा मुहूर्त धरला आणि मला लातूरला फोन केला. माझी इंटर्नशिप संपायला पाडव्यापासून एक महिना चार दिवस उरणार होते.

"आबा, इंटर्नशिप संपू द्या," मी म्हणालो.

"नंबर आलाय न्हवं?"

"आलाय, पण..."

"मंग? पाडवा काय तुझ्यासाठी थांबून ऱ्हाईल का?"

मी 'पण'च्या पुढे काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मलाही ते हवंच होतं. आमच्या बॅचमधले दोघंतिघं रविवारी कुणाकुणाच्या दवाखान्यात बसायचे, त्यांचं काही बिघडलेलं दिसत नव्हतं. एका महिन्यानं काय होतंय, पूजा करू, चार लोकांचं बीपी बघू, असं मी स्वतःला समजावलं. साडेपाच वर्षं घासून मिळवलेली नोंदणी मी त्या एका सकाळसाठी पणाला लावायला निघालो होतो. कुणी तक्रार केली असती तर कौन्सिलच्या दारात माझा अर्ज कुठे अडकला असता, याचा विचार मी टाळत होतो.

आबा बोर्ड सांगायला अप्पांकडे गेले ते भिंतीवरची फ्रेम काढून, काखेत मारून. पुढचं मला त्यांनी फोनवर सांगितलं.

"फ्रेम उलटी केली. मागचा पुठ्ठा उचकटून बघितला. म्हणतो, हे प्रिंट हाय, अस्सल कुठंय? मंग त्याच्या पोरीला बोलावलं, तिला इंग्रजी वाचायला लावलं. आणि म्हणतो, किशनराव, ह्यो कच्चा नंबर हाय. कच्च्या नंबराचा बोर्ड म्या लिवत न्हाई. वर इचारतो, पोरगं खरंच शिकायलंय का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या काय म्हणणार? चार माणसं बसली व्हती तिथं."

माझं डोकंच फिरलं. एका पेंटरनं माझ्या बापाला चारचौघांत असं विचारावं? ह्याच्यामागं कुणीतरी असणार, अशी मला लगेच शंका आली. लोह्यात पंचवीस वर्षं दवाखाना चालवणारे डॉक्टर साहेबराव माझ्या डोळ्यांपुढे आले. नवा डॉक्टर फाट्यावर बसला तर आमच्या बाजूच्या सहा गावांचे पेशंट त्यांच्याकडे कशाला जातील? मी पुनमला चौकशी करायला लावली. दोन दिवसांनी तिचा फोन आला, अप्पा दर सोमवारी साहेबरावांच्या दवाखान्यात जातात. झालं, मला पुरावा मिळाला. म्हाताऱ्याला बीपीच्या गोळ्या चालू होत्या, एवढी साधी गोष्ट माझ्यासारख्या डॉक्टरला सुचली नाही.

गावात तोवर कुजबुज सुरू झाली होती. आबा काखेत फ्रेम घेऊन गेले आणि काखेत फ्रेम घेऊन परत आले, हे फाट्यावरच्या हॉटेलातून सगळ्यांनी पाहिलं होतं. शेजारच्या ज्ञानोबाकाकांनी आबांना विचारलं, "किशनराव, मोबाइलवर लई नकली डाक्टर धरल्याचं दाखवायलेत. आपल्या पोराचं समदं बरुबर हाय न्हवं?" मला दाखवायला म्हणून माझ्या आईकडे गुडघ्यांचे रिपोर्ट घेऊन येणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या. आबांनी चिडून नांदेडला जाऊन तासाभरात फ्लेक्स छापून आणला. डॉ. सत्यम किशनराव वडजे, एम.बी.बी.एस., आणि खाली तोच कच्चा नंबर.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी लातूरहून अहमदपूरमार्गे एसटीनं आलो आणि घरी न जाता लोह्यातच उतरलो. दुपारचे चार वाजले असतील. अप्पांना चार शब्द सुनवायचे, हे वाटेतच ठरवलं होतं.

ते रसवंतीचा बोर्ड रंगवत बसले होते. "शरणार्थ," मान वर न करताच त्यांनी लिंगायत पद्धतीचा नमस्कार घातला.

"मी किशनराव वडज्यांचा सत्यम."

त्यांनी ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात ठेवला, चष्मा वर सरकवला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "ओळखपत्र हाय का?"

मी रागानं हसलो आणि कॉलेजचं कार्ड काढून दिलं. त्यांनी ते पुढून वाचलं, मागून वाचलं, फोटो माझ्या तोंडाशी लावून बघितला. "लातूर. बरं. बसा."

मी बसलो नाही. "अप्पा, मी पास झालोय. फक्त इंटर्नशिप राहिलीय. एक महिना चार दिवस."

"मंग एक महिना चार दिसांनी या."

"तेव्हाही लगेच मिळत नाही. आधी कॉलेजचा दाखला, मग अर्ज, मग कागदांची तपासणी, तोवर..."

"म्हंजी तुमाला समदं ठाव हाय की," ते शांतपणे म्हणाले.

मी चांगलाच सापडलो होतो. सापडलेला माणूस करतो तेच मी केलं, समोरच्यावर उलटलो. "साहेबराव डॉक्टरांनी सांगितलं ना तुम्हाला हे करायला?"

अप्पा खरंच गोंधळले. मग म्हणाले, "साहेबराव? त्याच्या बोर्डावरचा नंबर म्या सोता पुसलाय. पाच वर्सांची मुदत सपली व्हती, नवी करून आणंना. म्या शिडी लावून नंबरावर पांढरा पट्टा मारून आलो. महिनाभर बोलत नव्हता. मंग आणली नवी करून."

तेवढ्यात आतून त्यांची मुलगी शिवकन्या चहा घेऊन आली. तिशीतली, शेजारच्याच खोलीत कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायची. नवरा शिंपीकाम करायचा, सहा वर्षांची पोरगी आरती तिच्या पदराला धरून मागे होती. मी शिवकन्याताईंच्या चालण्याकडे बघत राहिलो. उजवा गुडघा त्या गरजेपेक्षा वर उचलत होत्या, आणि पाऊल टाचेवर न टेकता सपाट आपटत होतं. थप्. पुन्हा थप्. असं पाऊल मी ओपीडीत पाहिलं होतं. इंजेक्शन चुकीच्या जागी टोचलं आणि सुई नसेत गेली की असं होतं.

"ताई, लहानपणी कंबरेच्या खाली इंजेक्शन घेतलं होतं का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ताईंनी ट्रे खाली ठेवला आणि वडिलांकडे पाहिलं. अप्पांनी पहिल्यांदाच माझ्यावरची नजर काढली.

"त्याचा बोर्ड म्याच लिवला व्हता," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी भोकरकडच्या एका गावात ते राहायचे. तिथे एक डॉक्टर आला, गोड बोलणारा, गावात सगळ्यांचा लाडका. अप्पांनी त्याचं नाव झोकात रंगवलं, अक्षराला सावली दिली. नाव झाल्यावर त्यानं नंबराची चिठ्ठी दिली, ती बघून खाली नंबर लिहिला. कुणाचा नंबर, कसला नंबर, हे विचारायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

"शिवकन्याला ताप आला. नऊ वर्सांची व्हती. सरकारी दवाखाना जवळ व्हता. पण म्या म्हणलं, ह्यो डाक्टर आपल्या वळखीचा, बोर्ड आपूनच लिवलाय. पोरीला खांद्यावर घिऊन गेलो. त्यानं सुई टोचली तशी पोरगी वरडली. म्या म्हणलं, गप, डाक्टर हाय त्यो. पोलीस आले तवा कळलं, नंबर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या मेलेल्या डाक्टरचा व्हता. ह्यो पळून गेला. बोर्ड तसाच ऱ्हायला. म्या सोता जाऊन घासून काढला, पण पाय काय घासून निघतोय व्हय?"

आरती ट्रेमधलं बिस्कीट खात होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की चहाचा पेला हातात धरून मी तसाच उभा राहिलो. निघताना मी एवढंच म्हणालो, "अप्पा, मी तसला नाही."

"नसाल," ते म्हणाले. "चांगलं पोरगं दिसता. त्यो बी चांगलाच दिसायचा."

पाडव्याच्या सकाळी फाट्यावर दीडशे माणूस जमलं होतं. गुढी उभी होती, पुरणाचा वास सुटला होता, फ्लेक्सवर टॉवेल टाकून ठेवला होता. पहिला पेशंटही आबांनी ठरवून आणला होता, ज्ञानोबाकाकांची म्हातारी आई. तिला ताकदीचं सलाईन पाहिजे होतं. रात्रभर मी आबांना एकटं गाठायचा प्रयत्न करत होतो, पण त्यांच्याभोवती पाहुण्यांचा गराडा होता. आणि स्पष्टच सांगतो, माझं धाडसही होत नव्हतं.

रस्त्याच्या पलीकडे लिंबाच्या झाडाखाली गुरुलिंगअप्पा उभे होते. त्यांना बोलावणं नव्हतं. धुतलेलं धोतर, हातात छत्री, आणि नजर थेट टॉवेलवर. हा माणूस कौन्सिलला फोटो काढून पाठवायला आलाय की काय, असं माझ्या मनात येऊन गेलं. इतकं ऐकल्यावरही माझी शंका काही गेली नव्हती.

आबांनी माझ्या हातात नारळ दिला. "फोड, आणि कापड काढ."

"आबा, हे उघडायचं नाही," मी म्हणालो. "नंबर कच्चा आहे. पक्का यायला अजून दोन-तीन महिने लागतील. तोवर मला इथं बसता येत नाही. मी तुम्हाला आधीच सांगायला पाहिजे होतं."

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी जवळ आले आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सत्यम, खरं सांग. तू पास तरी झालास न्हवं?"

शाळेपासून आजवर त्या माणसानं माझ्या एका निकालावर कधी शंका घेतली नव्हती. मार्कशीट न बघता गावात पेढे वाटणारा माझा बाप मला हे विचारत होता. त्या दिवसाइतकं वाईट मला पुढे कधीच वाटलं नाही, वॉर्डात पहिला पेशंट दगावला तेव्हासुद्धा नाही.

"झालोय, आबा."

"मंग उघड."

"नाही."

त्यांनी माझ्या हातातला नारळ घेतला, गुढीखाली ठेवला आणि एकटेच शेताच्या वाटेनं निघून गेले. पाहुण्यांनी पुरणपोळी खाल्ली आणि खाता खाता काय बोलायचं ते बोलून घेतलं. ज्ञानोबाकाकांनी आईला उचलून रिक्षात बसवलं आणि माझ्याकडे न बघता गेले. अप्पाही छत्री उघडून चालायला लागले. मला त्यांचाच सगळ्यात जास्त राग आला. पोरगं खरं बोललं, एवढे तीन शब्द त्यांनी तिथं उच्चारले असते तर माझ्या बापाची मान खाली गेली नसती. पण ते कुणाची हमी घेणारे नव्हते.

पुढचे तीन महिने मी नापास होतो. कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण पुनमला बघायला आलेल्या जळकोटच्या पाहुण्यांनी पोह्यांच्या आधी भावाचं काय झालं ते विचारलं, आणि नंतर कळवतो म्हणून गेले. आबांनी फ्रेम भिंतीवरून काढून धान्याच्या कोठीमागे, काच भिंतीकडे करून ठेवली. माझ्याशी ते कामापुरतंच बोलायचे. इंटर्नशिप संपली. बारा महिने भरल्याचा दाखला मिळाला. कागद जोडून कौन्सिलकडे अर्ज केला. रोज सकाळी उठून मोबाइलवर बघायचो, अर्ज तपासणीत. एकदा एक कागद अस्पष्ट आला म्हणून परत मागितला, तेव्हा मला घाम फुटला. मला स्वतःलाच वाटायला लागलं, आपलं खरंच काहीतरी चुकलं असणार. इतक्या लोकांनी शंका घेतली की माणूस स्वतःचाच निकाल पुन्हा उघडून बघतो. मी दोनदा बघितला.

मंजूर झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी कुणाला काही सांगितलं नाही. मूळ दाखला हातात पडला त्या दिवशी आबांना मोटारसायकलवर मागे बसवलं आणि लोह्याला नेलं. कुठे चाललोय, हे त्यांनी विचारलं नाही.

अप्पांनी हात पुसून दाखला घेतला. पाठपोट वाचला. उजेडाकडे धरला. मग शिवकन्याताईंना हाक मारली. ताईंनी मोबाइलवर कौन्सिलची यादी उघडून नंबर टाकला आणि मोठ्यानं वाचलं, "सत्यम किशनराव वडजे."

"बापाचं नाव?" अप्पांनी विचारलं.

"किशनराव," आबाच म्हणाले. "म्याच हाय."

"इंटर्नशिपचा कागद?"

मी थकून म्हणालो, "अप्पा, त्याच्याशिवाय कौन्सिल हा दाखला देतच नाही."

"दाखव की त्येला," आबा माझ्यावर ओरडले. "समदं दाखव." आणि मी कागद काढत असताना तेही अप्पांच्या शेजारी उकिडवे बसले. दोघं म्हातारे ओळीवर बोट ठेवून न समजणारं इंग्रजी वाचायला लागले. प्रत्येक कागदागणिक आबांचं तोंड थोडं थोडं सैल होत गेलं. माझ्या शब्दानं जे झालं नव्हतं, ते अप्पांच्या संशयानं होत होतं.

शेवटचा कागद खाली ठेवून अप्पांनी पत्र्यावर दोरीनं खडूची रेघ मारली आणि खालच्या ओळीत पहिला आकडा काढला. पुढचे दोन दिवस आबा काहीतरी निमित्त काढून लोह्याला जात होते. नुसता नंबर लिहिलेला तो पांढरा पत्रा बघायचे, शेजारी बसलेल्यांना सांगायचे आणि परत यायचे. घरी येऊन त्यांनी कोठीमागची फ्रेम काढली, पुसली आणि जुनी प्रिंट काढून नवा दाखला तीत बसवला. अस्सल, झेरॉक्स नव्हे, हे पुनमला दोनदा विचारून घेतलं. ती फ्रेम दवाखान्यात माझ्या खुर्चीमागे लागली.

मुहूर्त वगैरे काही न बघता एका मंगळवारी मी दवाखाना उघडला. नऊ वाजले, दहा वाजले, कुणी आलं नाही. लोक रस्त्यानं जाताना वळून बघत होते आणि लोह्याच्या रिक्षात बसत होते. आबा बाहेर बाकावर बसून उगाच वाळूतले खडे वेचत होते.

साडेदहाला एक रिक्षा थांबली. अप्पा उतरले, खांद्यावर आरती. मागून शिवकन्याताई, थप्, थप्. पोरीला दोन दिवस ताप होता. डोळे लाल, अंग तापलेलं. अप्पा बोर्डाखाली थांबले, मान वर करून स्वतःचंच अक्षर बघितलं, मग आत आले. मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"दाखला कुठंय?"

मला हसू आलं. "अप्पा, नंबर तर तुम्हीच लिहिलाय बाहेर."

"म्हणून तर इचारायलोय," ते म्हणाले. पोरीला त्यांनी घट्ट धरलं होतं. "बोर्ड म्या लिवलाय. माझ्या लिवण्यावर म्या एकदा भरवसा ठिवला व्हता."

दारात शिवकन्याताई उभ्या होत्या. मी वळलो, भिंतीवरची फ्रेम काढली आणि अप्पांच्या हातात दिली. एका हातानं पोर सावरत त्यांनी ती खिडकीकडे धरली, ओठ हलवत एकेक आकडा वाचला, मग बाहेर जाऊन बोर्डावरच्या आकड्यांशी ताडून बघितला आणि परत आत आले. कितीही वेळ लागला असता तरी मी उभा राहिलो असतो.

त्यांनी फ्रेम टेबलावर ठेवली आणि आरतीला खांद्यावरून उतरवून माझ्यासमोरच्या स्टुलावर बसवलं.

"बघा, डाक्टर," ते म्हणाले. मला त्या नावानं हाक मारणारं त्या दिवसातलं ते पहिलंच माणूस होतं.